योग्य त्या कार्यवाहीस्तव

लोकप्रतिनिधी पत्रं लिहीत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या जिन्याखालची टपालपेटी बघावी. आमच्या आमदारसाहेबांचं माझ्यावर बारीक लक्ष आहे. वाढदिवसाच्या सकाळी, घरातलं कुणी उठायच्या आधी, मोबाइलवर त्यांच्या फोटोसह शुभेच्छा येतात. दिवाळीला उटण्याची पुडी येते आणि तिच्यासोबत पुडीच्या तिप्पट आकाराचं शुभेच्छापत्र. मुलगी दहावी झाली तेव्हा तिच्या नावाने अभिनंदनाचं पत्र आलं. आजी गेली तेव्हा सांत्वनाचं आलं, आणि त्यानंतरच्या दिवाळीत खुद्द आजीला दीर्घायुष्य चिंतणारंही आलं, कारण मतदार यादीत ती अजून हयात होती. जानेवारीत दिनदर्शिका येते. तिच्यात बारा महिने साहेब बारा रंगांच्या जाकिटांत हात जोडून उभे असतात. निवडणूक जवळ आली की गुळगुळीत कागदावरचा कार्य अहवाल. त्यात भूमिपूजनं इतकी आणि नारळ इतके, की आपला मतदारसंघ कोकणात आहे असं वाटावं.

इतका नियमित पत्रव्यवहार माझा सख्ख्या भावाशीही नाही. फक्त मी जे विचारतो त्याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.

मी, म्हणजे आमची सोसायटी, विचारते ते एका खांबाबद्दल. मागे आमच्यासमोरचा रस्ता रुंद झाला. तो दोन्ही अंगांनी वाढला, पण कडेला असलेला विजेचा खांब कुणी हलवला नाही. रस्ताच त्याला ओलांडून पुढे गेला. आता खांब ऐन रहदारीत उभा आहे. रस्ता महापालिकेचा, खांब वीज कंपनीचा आणि त्यावर आपटणारी गाडी आपली. महापालिका म्हणते, खांब आमचा नाही. कंपनी म्हणते, खांब पहिल्यापासून तिथेच आहे, रस्ता तुम्ही त्याच्यापर्यंत आणलात, तेव्हा हलवायचा खर्च भरा. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, आणि खांबही आपल्या जागी आहे. असे खांब महाराष्ट्रात गावोगाव आहेत, तेव्हा वाचकांनी आपापला खांब डोळ्यांपुढे आणावा.

सोसायटीचा पत्रव्यवहार तळमजल्यावरचे काका बघतात. सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, आता टेबलाच्या अलीकडे येऊन स्वतः अर्ज करतात, पण निष्ठा अजून पलीकडेच आहे. त्यांच्या अर्जात उजवीकडे दिनांक, डावीकडे ‘प्रति’, मग अधोरेखित ‘विषय’ आणि त्याखाली ‘संदर्भ’ म्हणून आमची आधीची सगळी पत्रं तारखेनिशी. हल्ली संदर्भच पानभर होतात आणि मजकुराला पाठीमागे जावं लागतं. मजकूर एकाच वाक्याचा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ इथून सुटलेलं ते वाक्य खांब, खांबाचा इतिहास, शाळेची मुलं, ज्येष्ठ नागरिक आणि पावसाळा एवढी स्टेशनं घेत ‘ही नम्र विनंती’वर थांबतं. ‘खांब काढा’ एवढंच लिहूया, असं मी एकदा सुचवलं. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “तो आदेश झाला. आपण नागरिक आहोत.”

पत्राच्या दोन प्रती काढायच्या. एक आवक विभागात द्यायची आणि दुसरीवर गोल शिक्का, तारीख, सही घ्यायची. या दुसरीला ओसी म्हणतात आणि काकांच्या लेखी खरं पत्र तेच. मूळ प्रत कुठेही जावो, ओसी आपल्या फायलीत राहते. पत्र पोचलं नाही तरी चालेल, पोच पाहिजे, असं त्यांचं धोरण आहे.

खरं तर आपल्याला हे शाळेतच शिकवतात. दहावीच्या मराठीला पत्रलेखन असतं. तुमच्या भागात पाणी अनियमित येतं, कचरा उचलला जात नाही, संबंधित अधिकाऱ्यास पत्र लिहा. राज्यभरातली लाखो मुलं एकाच दिवशी, एकाच वेळी, ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत सगळं बिनचूक लिहितात आणि त्या पत्रांची दखल घेतली जाते, तपासनीस प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचतो आणि ठरलेल्या मुदतीत निकाल कळवतो. पुढच्या आयुष्यात इतका तत्पर वाचक कुणालाच लाभत नाही.

पहिलं पत्र नगरसेवकाला जावं हा प्रघात. पण मधली काही वर्षं आमच्याकडे नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२मध्ये मुंबई-पुण्यासकट अनेक महापालिकांच्या मुदती संपल्या, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात गेले आणि मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६मध्ये. तोवर कारभार प्रशासकांकडे. आमच्या नगरसेवकांनी घरावरची पाटी मात्र उतरवली नाही. तिच्यावर आधीपासून ‘मा. नगरसेवक’ असं लिहिलेलं होतं. ज्याला माननीय वाचायचं त्याने माननीय वाचावं, ज्याला माजी वाचायचं त्याने माजी. प्रशासकाला पत्र लिहिण्यात एक सुख असतं. तो निवडून आलेला नसल्यामुळे उत्तर आलं नाही तर मनाला लागत नाही. निवडून आलेल्या माणसाचं लागतं, कारण त्याला आपण मत दिलेलं असतं, किंवा दिलं असं निदान त्याला सांगितलेलं असतं.

मग आमदार. सकाळी आठला त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात गेलं की आपला खांब एकदम लहान दिसायला लागतो. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अख्खा मतदारसंघ बसलेला. कुणाला मुलाची बदली जवळ करून हवी, कुणाला हॉस्पिटलच्या बिलात सवलत, कुणाचं रेशनकार्डावरचं नाव उडालेलं, आणि एका बाईंना नुसतं जावयाला दम देणारं कुणीतरी हवं होतं. राज्यघटनेप्रमाणे या गृहस्थांचं काम कायदे करण्याचं. पण एखाद्या विधेयकाच्या मसुद्याबद्दल त्यांना प्रश्न विचारणारा एक तरी मतदार गेल्या पाच वर्षांत त्या खुर्च्यांवर बसला असेल, असं मला वाटत नाही. हिशोबही बघा. विधानसभेच्या जागा २८८ आणि २०११च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे एका आमदारामागे सरासरी ३ लाख ९० हजार माणसं. लोकसभेच्या जागा ४८, तेव्हा खासदारामागे २३ लाखांच्या वर. आमदाराच्या वाट्याच्या माणसांपैकी दर दहांतल्या एकानेच, तेही पाच वर्षांतून एकदाच पत्र लिहिलं, तरी रविवार-सणवार धरून रोज एकवीस पत्रं होतात. शिवाय लग्नं. मतदारसंघातल्या लग्नांना न जाता पुन्हा निवडून आलेला आमदार मी ऐकलेला नाही. पत्रांना उत्तर न देता निवडून आलेले बरेच ऐकले आहेत. आपणच मतदार म्हणून घातलेली ही शिस्त आहे. साहेब ती पाळतात इतकंच.

साहेब भेटत नाहीत, पीए भेटतो. साहेब दौऱ्यावर असतात, मुंबईत असतात, आत असतात पण मीटिंगमध्ये असतात, आणि डिसेंबरात नागपूरला असतात. १९५३च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला घ्यायचं ठरलं. त्याने विदर्भाचं किती भलं झालं यावर सत्तर वर्षं वाद चालू आहे, पण राज्यभरातल्या पीएंचं झालं यात वाद नाही. आमचा पीए मात्र मन लावून ऐकणारा निघाला. खांबाची कथा त्याने एकदाही न तोडता ऐकली आणि म्हणाला, “लेटरहेडवर पत्र देऊन टाकतो ना.”

लेटरहेड! वर सिंहांची मुद्रा, खाली साहेबांची लफ्फेदार सही, आणि मध्ये आमच्या खांबाबद्दल असं की सोबतच्या निवेदनाचं अवलोकन व्हावं, नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी आणि केलेल्या कार्यवाहीबाबत अर्जदारास परस्पर कळवावं. काकांना भरून आलं. मी दोनदा वाचून बघितलं. खांब काढा असं त्यात कुठेही नव्हतं. नियमानुसार जे होईल ते व्हावं, असं आमदार आयुक्तांना सुचवत होते, आणि तसं तर ते आमदारांनी न सुचवताही व्हायला हरकत नव्हती.

पत्र आयुक्तांकडे गेलं. आयुक्तांकडून शहर अभियंत्याकडे, तिथून कार्यकारी अभियंत्याकडे, तिथून उपअभियंत्याकडे, तिथून कनिष्ठ अभियंत्याकडे. एका दुपारी काकांचा फोन वाजला.

“काका, एवढ्या वर कशाला लिहिलंत? मला सांगायचं ना!”

हा कनिष्ठ अभियंता म्हणजे तोच मुलगा, ज्याला आम्ही सगळ्यांत आधी सांगितलं होतं. मुलगा गुणी आहे. साइटवर आला की खांबापाशी उभा राहून आमच्याइतकाच हळहळतो. खांबाला लाल-पांढरे पट्टे त्याने स्वतःच्या अखत्यारीत मारून दिले. त्यापुढे त्याचे हात बांधलेले आहेत, कारण खांब हलवण्याचे पैसे कुठल्या शीर्षाखाली टाकायचे हे त्याच्या वरच्यांना विचारावं लागतं, आणि वरच्यांनी त्याच्याकडेच अभिप्राय मागितलेला असतो.

काका खचले नाहीत. त्यांनी खासदारांना लिहिलं. खासदारांनी केंद्रातल्या मंत्र्यांना लिहिलं. तिथून ‘विषय राज्य शासनाच्या अखत्यारीतील आहे’ असा शेरा घेऊन कागद मुंबईला आला, मुंबईत नगरविकास विभागाकडे गेला, तिथून आयुक्तांकडे, आणि मग पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याला पाठच होत्या. फोन वाजला. “काका, दिल्ली?” या वेळी त्याच्या आवाजात थोडा आदर होता.

मग सोसायटीतल्या तरुण मंडळींनी मनावर घेतलं आणि तक्रार ऑनलाइन पोर्टलवर टाकली. लांबलचक नोंदणी क्रमांक मिळाला. काही दिवसांनी मोबाइलवर संदेश आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आम्ही सगळे धावत गॅलरीत गेलो. खांब होता. पोर्टलवर जाऊन बघितलं तर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं की संबंधित विभागास पुढील कार्यवाहीसाठी कळवण्यात आलं आहे. त्याखाली, आपण या सेवेबाबत समाधानी आहात का, असा प्रश्न आणि पाच चांदण्या. पोरं एकही चांदणी द्यायला तयार नव्हती. काकांनी मोबाइल हातात घेऊन तीन दिल्या. “मुदतीत निकाली काढलंय,” ते म्हणाले, “टेबल स्वच्छ ठेवणं सोपं नसतं.”

पत्रांचं पुढे काय होतं हे बघायला माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि तीस दिवस थांबायचं. महाराष्ट्राच्या २०१२च्या नियमांप्रमाणे अर्जात विषय एकच हवा आणि मजकूर शक्यतो दीडशे शब्दांत बसवायचा. काकांचं एक वाक्यच तेवढं असल्यामुळे अडचण आली नाही. पहिल्या कार्यालयाने अर्ज कलम ६(३)खाली दुसऱ्याकडे पाठवला. दुसऱ्याने मात्र पानाला दोन रुपये घेऊन आमच्या पत्राच्या अख्ख्या प्रवासाच्या प्रती दिल्या. ते वाचन मी कुणालाही सुचवीन. आमदारांच्या पत्रावर समासात एकाने लिहिलं होतं, ‘तपासून सादर करा.’ त्याखाली दुसऱ्याने, ‘चर्चा करावी.’ तिसऱ्याने, ‘चर्चा झाली.’ काय झाली हे नव्हतं. चौथ्याने नुसती सही आणि तारीख. शेवटी पत्रात शब्दांपेक्षा सह्या जास्त दिसत होत्या. काका प्रत्येक सहीवरून बोट फिरवत होते. “कागद हलला आहे,” ते म्हणाले. हे त्यांच्या तोंडून निघालेलं मोठं कौतुक होतं.

आमदारांवरचा माझा राग निवळला तो विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचून. आपण त्यांना पत्र लिहितो; ते सभागृहात तारांकित प्रश्न विचारतात. त्याचाही साचा ठरलेला. (१) अमुक ठिकाणी रस्त्यात खांब असल्याने अपघात होत आहेत, हे खरे आहे काय? (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय? (३) असल्यास, त्यात काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? यावर मंत्र्यांचं उत्तर छापलेलं असतं. (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. कधी ‘अंशतः खरे आहे’ असंही असतं. आमच्या खांबाला तेच लागू पडेल, कारण त्याचा काही भाग अजून पदपथाच्या बाजूला झुकलेला आहे. तीन लाख नव्वद हजार माणसांच्या प्रतिनिधीला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं कळवलं जात असेल, तर आमच्या तळमजल्याला मिळालेल्या शेऱ्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. सभागृहात मंत्री ‘करू’ म्हणाले तरी आमदारांचं समाधान होत नाही. दिलेल्या शब्दांचं पुढे काय झालं हे शोधायला विधिमंडळाची खास आश्वासन समिती असते. लोकसभेने अशी समिती १९५३ सालीच नेमली. प्रजासत्ताकाला चार वर्षं पुरी व्हायच्या आत कुणाच्या तरी हे लक्षात आलं होतं.

आणि नोव्हेंबर २०२५मध्ये तर राज्य शासनाने शासन निर्णयच काढला. आमदार-खासदार कार्यालयात आले की अधिकाऱ्यांनी उभं राहून त्यांचं स्वागत करावं, म्हणणं नीट ऐकून घ्यावं, त्यांच्या पत्रांची वेगळी नोंदवही ठेवावी आणि दोन महिन्यांत उत्तर द्यावं. मी ते काकांना वाचून दाखवलं. म्हणजे आमच्या साहेबांनाही उत्तर येत नव्हतं! दिनदर्शिकेत हात जोडून उभा असलेला हा माणूसही कुठेतरी पत्र टाकून, ओसी फायलीला लावून, आमच्यासारखाच वाट बघत बसलेला होता. काकांना वेगळीच खंत. सरकारी कर्मचाऱ्याने फाइल कामकाजाच्या सात दिवसांच्या वर अडवू नये असा कायदा राज्यात आधीपासून आहे, महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. ते नाव एका दमात म्हणून काका म्हणाले, “सात दिवसांचा कायदा असताना दोन महिन्यांचा आदेश निघाला याला सुधारणा म्हणायचं की सवलत?” हेडक्लार्क पहिल्यांदाच सरकारविरुद्ध काहीतरी बोलला होता.

खांबाची गोष्ट हसण्यावारी नेता येते, कारण आम्हाला घरी जायला दुसऱ्या बाजूने वाट आहे. ज्याची जमीन प्रकल्पात गेली, मोबदल्याचा कागद कुठल्याशा टेबलावर पडला आणि अर्ज लिहून लिहून ज्याचा हात थकला, तो मुंबईला मंत्रालयात येतो. २०१८ साली तिथल्या आतल्या चौकावर जाळी बांधली, वरच्या मजल्यावरून कुणी उडी टाकू नये म्हणून. तेवढं काम मात्र पाठपुराव्याशिवाय झालं.

माझा एक भाचा इंग्लंडात असतो. भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून तिथल्या संसदेसाठी त्याला मत देता येतं. तिथे खासदार ६५०, म्हणजे एकामागे जेमतेम लाखभर माणसं. भाच्याने कचऱ्याच्या गाडीबद्दल आपल्या खासदाराला लिहिलं आणि उत्तर आलं. खरोखरचं, त्याच्या नावाचं, सहीचं. त्याने आम्हा सगळ्यांना फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘याला म्हणतात लोकशाही.’ मी पत्र वाचलं. आपण वेळ काढून लिहिलंत याबद्दल खासदारांना अतिशय आनंद झाला होता. कचऱ्याचा त्रास किती मनस्ताप देतो याची त्यांना कल्पना होती. हा विषय स्थानिक कौन्सिलच्या कक्षेत येत असल्यामुळे आपलं पत्र त्यांनी तिकडे पाठवलं होतं. काकांना मराठीत अर्थ सांगितला. ते म्हणाले, “अग्रेषित. पण शेरा फार लांब मारलाय.” भाच्याची गाडी पुढे वेळेवर यायला लागली का, ते मी विचारलं नाही. घरात एवढा आनंद होता.

जानेवारी २०२६ची निवडणूक आली आणि खांबाला एकदम भाव आला. मुंबई सोडून बाकी महापालिकांमध्ये एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार-चार नगरसेवक, अ, ब, क आणि ड. त्यामुळे उमेदवारही चौपट. प्रत्येकाने खांबापाशी उभं राहून, खांबाकडे बोट दाखवत फोटो काढून घेतला. प्रत्येकजण जाताना एकच सांगून गेला, “काका, एक लेखी देऊन ठेवा.” काकांनी सगळ्यांना दिलं, पोच घेऊन. निकाल लागल्यावर नवा पेच पडला. आता खांब नेमका अ-चा की ड-चा? ब-ताई म्हणाल्या, त्या बाजूला दादा बघतात. क-भाऊंचा फोन त्यांच्या पुतण्याकडे होता. शेवटी ज्यांना दादा म्हणतात ते एका रविवारी स्वतः सोसायटीत आले. चहा घेतला. काकांनी सगळी फाइल त्यांच्यापुढे ठेवली, दोन्ही हातांनी उचलावी लागते ती. दादा पानं उलटत गेले आणि खरंच चकित झाले. फाइल छातीशी धरून त्यांनी काकांबरोबर फोटो काढला, तो आम्ही घरात परत येईपर्यंत प्रभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचला होता. खाली हात जोडलेल्यांची रांग.

आणि दादांनी काम केलं. खरंच केलं. त्यांनी आयुक्तांना पत्र लिहिलं.

हे आम्हाला फ्लेक्सवरून कळलं. ‘नागरिकांच्या समस्येची तात्काळ दखल! धोकादायक खांब हटवण्यासाठी दादांचे आयुक्तांना पत्र. पाठपुराव्याला यश!’ आठ फुटी फ्लेक्स, दोन्ही बाजूंच्या वाहनांना दिसावा म्हणून रस्त्याच्या मधोमध लावलेला. रस्त्याच्या मधोमध फ्लेक्स बांधता येईल अशी आमच्याकडे एकच जागा आहे. त्यामुळे खांबावरचे लाल-पांढरे पट्टे झाकले गेले आणि त्याच रात्री एक रिक्षा थेट दादांच्या हनुवटीवर गेली.

कागद सवयीने खाली आला आणि कनिष्ठ अभियंत्याचा फोन वाजला. काकांनी त्याला फ्लेक्सचंही सांगितलं.

“फ्लेक्स माझ्याकडे नाही काका, तो आकाशचिन्ह विभाग.”

“मग याच अर्जात खाली लिहून टाकतो.”

“नको नको, एका अर्जात दोन विषय घालू नका. खांबावर फ्लेक्स आहे असं लिहिलंत की ते कागद माझ्याकडे पाठवतील, आणि फ्लेक्समागे खांब आहे म्हणून मला तो त्यांच्याकडे पाठवावा लागेल. वेगळा अर्ज करा.”

“बरं. आमदारसाहेबांना प्रत?”

पलीकडे तो जरा घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “या वेळी राहू द्या, काका. फ्लेक्सवर वरच्या कोपऱ्यात त्यांचाही फोटो आहे.”